वर आलेली चार पिल्लं



आज फुकट आलेल्या पिल्लांविषयी बोलू. गटानं एक दिवसाच्या पिल्लांची शंभराची पेटी मागवावी आणि घरी आल्यावर मोजावी, तर आत पुष्कळदा शंभर नसतात. एकशे दोन असतात, कधी एकशे चार, कधी एकशे पाचसुद्धा. बिल मात्र शंभराचंच. भाजीवालीनं वर चार काड्या कोथिंबीर टाकली तरी आपल्याला बरं वाटतं, इथं तर चार जीव वर आलेले. मग बैठकीत दोन प्रश्न निघतात. जिंतूरला जा नाहीतर पालमला जा, आम्हाला ते ऐकायला मिळतातच. उबवणी केंद्रवाला ही पिल्लं फुकट का देतो? आणि ती कुणाची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर उबवणीच्या यंत्रापाशी आहे. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस लागतात. घरी खुडूक कोंबडी बसवताना आपण तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतो आणि सगळी फुटत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. यंत्रातही तसंच. शंभर अंड्यांतून ऐंशी-पंच्याऐंशी पिल्लं निघाली तर चांगली निघाली म्हणायचं. नेमकी किती निघतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून मागणीपेक्षा जास्त अंडी लावावी लागतात. आणि निघालेलं पिल्लू काही अंड्यासारखं ठेवून देता येत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ते गिऱ्हाइकाकडे रवाना झालं पाहिजे. न खपलेलं पिल्लू केंद्राला ओझंच. तेव्हा देणाऱ्याला ती चार पिल्लं फारशी महाग पडत नाहीत.

दुसरं कारण रस्त्याचं. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू आतला पिवळा बलक स्वतःच्या पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोन दिवस, ताणलं तर तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरतं. म्हणूनच एका दिवसाचं पिल्लू खोक्यात घालून लांबच्या गावाला पाठवता येतं. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं राज्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. आपल्याला त्यातलं जवळचं संभाजीनगर, तरी गाडीनं चार तास कुठं गेले नाहीत. पिल्लांच्या पेटीला चार कप्पे असतात, एकेका कप्प्यात पंचवीस, म्हणजे ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून गुदमरत नाहीत. प्रत्येक कप्प्यात एक जास्त टाकलं की सव्वीस चोक एकशे चार.

ते जास्तीचं का टाकायचं, तर वाटेत दोन-चार दगावतील हा देणाऱ्याचा अंदाज असतो. प्रत्येक मेलेल्या पिल्लापायी फोन, भांडण, पैसे परत, हे नको म्हणून तो आधीच वर घालून मोकळा होतो. पुष्कळ ठिकाणी बोलीच अशी असते, की वर दिलेली पिल्लं म्हणजे वाटेतल्या मरतुकीची भरपाई, पुढं तक्रार चालणार नाही. ही बोली पैसे देण्याआधी विचारून घ्यावी. मोजणी कुणाच्या दारात व्हायची, केंद्राच्या की आपल्या, तेही विचारावं.

आम्ही त्यांना फुकटची पिल्लं म्हणतच नाही, तुटीची म्हणतो. नाव बदललं की बायकांचा हिशेबही बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

हिशेब कसा ते सांगतो. आकडे समजा म्हणून धरा, भाव तर रोज बदलतात. एका गटानं ३० रुपयांप्रमाणे शंभर पिल्लं घेतली, ३००० रुपये दिले, वर पाच मिळाली. दुसऱ्या गटानं ३२ रुपयांप्रमाणे शंभर घेतली, ३२०० दिले, वर एकही नाही. पहिल्या गटाचं बैठकीत कौतुक झालं. पहिल्या पंधरवड्यात त्यांची चौदा मेली, राहिली एक्क्याण्णव. दुसऱ्यांची तीन मेली, राहिली सत्त्याण्णव. आता भागाकार करा. तीन हजाराला एक्क्याण्णवानं भागलं तर जिवंत पिल्लू ३३ रुपयांना पडलं. बत्तीसशेला सत्त्याण्णवानं भागलं, तरी ३३ रुपयेच. पाच फुकट मिळूनही पहिल्या गटाचा एक रुपया वाचला नाही. वर त्या चौदा पिल्लांनी मरेपर्यंत खाल्लेलं खाद्य, जळलेली लाईट, आणि विकायला सहा पक्षी कमी. पिल्लाचा भाव पेटी उतरवताना ठरत नाही, पंधरा दिवसांनी ठरतो. गटाच्या वहीत तो पंधराव्या दिवसाचा आकडा लिहायची सवय लावा.

आता पेटी दारात आल्यावर काय पाहायचं. चांगलं पिल्लू पायावर सरळ उभं राहतं, डोळे चमकदार असतात, अंगाची लव कोरडी असते, बेंबी मिटून वाळलेली असते. बेंबी ओली, पोट टम्म, पाय फाकलेले, मागे घाण चिकटलेली, असं पिल्लू बहुधा आठवडा काढत नाही. वर दिलेली पिल्लं त्याच कप्प्यांत बाकीच्यांबरोबर असतील तर ठीक. पण कुणी ती वेगळ्या पिशवीत नाहीतर वेगळ्या खोक्यात घालून दिली, तर एकेक हातात घेऊन पाहा. निवडून बाजूला काढलेला माल वर म्हणून देण्याची युक्ती काही आजची नाही. अशी मेंगळट पिल्लं तिथंच परत करावी. देणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

उतरवल्यावर आधी पाणी, मग दाणा. पहिल्या पाण्यात थोडा गूळ नाहीतर ग्लुकोज, आणि पहिले काही तास मक्याचा बारीक भरडा वर्तमानपत्रावर पसरून. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. भोवती पुठ्ठ्याचं नाहीतर पत्र्याचं गोल कडं, गोलच हवं, कारण कोपरा मिळाला की पिल्लं तिथं ढीग करतात आणि खालची गुदमरतात. ऊब पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ढोबळ माप म्हणजे पिल्लामागे २ वॉट, शंभराला २०० वॉटचे बल्ब. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कड्याला चिकटून चोच उघडी टाकली तर उकडतंय. आपल्याकडे जानेवारीत पहाटे बोटं आखडतात आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, त्यामुळे कागदावरच्या अंशांपेक्षा पिल्लांकडे बघूनच बल्ब वर-खाली करावा. जागा पिल्लामागे निदान अर्धा चौरस फूट. एकशे चार आली तर जागाही एकशे चारांची लागते. शंभराच्या कड्यात चार कोंबली तर ती बाकीच्यांचीही ऊब आणि दाणा घेतात.

इथपर्यंत त्याच जातीच्या जादा पिल्लांविषयी बोललो. खरा घोळ होतो तो दुसऱ्या जातीचं पिल्लू वर दिलं जातं तेव्हा. गटानं वनराजा किंवा गिरिराज मागवलेली असतात, आणि विकणारा म्हणतो, ताई, ही वीस पांढरी पिल्लं घेऊन जा, पैसे नको. ही पांढरी पिल्लं बहुतेक वेळा अंड्यांवरच्या कोंबड्यांची, लेअरची, नर पिल्लं असतात. मादी अंडी देते म्हणून तिला भाव आहे. तिचा भाऊ अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा अंगही धरत नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. हा नर अडीच महिने खाऊन किलोभर झाला तर झाला, आणि त्या किलोसाठी त्याला तीन किलोच्या आसपास खाद्य लागतं. म्हणूनच जगभर असल्या नर पिल्लांना पहिल्याच दिवशी मारून टाकायची पद्धत पडली. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून त्यावर कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे त्यातली काही पिल्लं गुलाबी, हिरवी रंगवून जत्रेत लेकरांना विकतात आणि काही अशी वर देऊन खपवतात. लेकरांच्या हातातली तर दोन-चार दिवसांतच जातात.

परदेशात तर तळहाताएवढा केसाळ कोळी हौसेनं काचेच्या पेटीत पाळतात. ऐकून अंगावर काटा येईल, पण तिथंही हीच रीत आहे. मोठा कोळी विकत घेतला की विकणारे त्यासोबत एखादं नखाएवढं पिल्लू वर पाठवतात. कोळ्याच्या अंड्यांच्या एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात, सगळ्यांना गिऱ्हाईक कुठून आणायचं? वर दिलेलं पिल्लू नर की मादी ते त्या वयात कळत नाही, आणि मादी पंधरा-वीस वर्षं जगते तिथं नर थोडक्या वर्षांत संपतो. कोळी असो की कोंबडी, विकणाऱ्याच्या घरी जे जास्त झालं तेच वर येतं. आपल्याला काय हवं होतं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

मग ती वीस पांढरी पिल्लं घ्यायची की नाही? घरात मक्याचा चुरा, धान्याची चाळण, परसात किडा-मुंगी भरपूर असेल, आणि वेगळं खुराडं असेल, तर घ्या. नर कोंबडा घरच्या खाण्याला काही वाईट नाही. पण विकतचं खाद्य घालून वाढवायचा विचार असेल तर नको म्हणा. आणि काही झालं तरी गटाच्या पेटीत ती मिसळू नका, कारण लस. लेअरच्या मादी पिल्लांना केंद्रातच पहिल्या दिवशी मॅरेक्सची लस टोचतात. नरांवर तो खर्च सहसा कुणी करत नाही. आपण पुढं पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस, मग पुन्हा लासोटा, पुढं देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची मोठी लस असा क्रम धरतो. मध्येच वेगळ्या वयाचे, वेगळ्या ठिकाणचे पक्षी आले की क्रमच मोडतो. बाजारात कोंबड्या घेताना वर मिळालेल्या मोठ्या कोंबड्याचं तर नावच काढू नका. तो धडधाकट दिसतो आणि मानमोडी घेऊन येतो. आणलाच तर दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, त्याचं भांडं वेगळं, आणि आधी आपल्या कोंबड्यांचं करून मग त्याच्याकडे जा.

रोगाची भीती आम्ही उगाच घालत नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात बचत गटाच्या शेडवर दोन-तीन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. शेडभोवतीच्या एक किलोमीटरमधले हजारो पक्षी मारावे लागले, दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांची ने-आण बंद झाली. ते वर आलेल्या पक्ष्यांमुळे झालं, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. सांगायचं ते वेगळं. अशा वेळी सरकार भरपाई देतं ती मारलेल्या पक्ष्यांची, आधी मेलेल्यांची नाही. म्हणून मरतुक वाढली की पहिल्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसखीला कळवायचं. आणि वहीत रोजची संख्या खरी असली पाहिजे. शेडमध्ये एकशे चार पक्षी आणि वहीत शंभर, का, तर चार फुकटचे होते म्हणून लिहिलेच नाहीत, असं नको. बँकेचा माणूस किंवा विमेवाला पाहायला आला तरी हाच प्रश्न येतो.

आता दुसरा प्रश्न, ती कुणाची? दिसायला बारका आहे, पण यावरून बायकांनी एकमेकींच्या घरचं हळदीकुंकू टाळलेलं आम्ही पाहिलं आहे. एका गटात दहा जणी होत्या. पेटी एका काकूंच्या घरी उतरवली, कारण त्यांच्याकडे पडवी होती. थंडीचे दिवस. रात्री लाईट गेली की काकू उठून शेगडीत निखारे घालायच्या, धूर बाहेर घालवायच्या, पिल्लं चाळवायच्या. आठवड्यानं वाटप ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सहा रात्री मी जागले, वरची चार माझी." दुसरी म्हणाली, "अहो काकू, पेटी गटाच्या पैशानं आली ना? मग वरची पण गटाचीच." तोवर सात पिल्लं मेली होती. मग तिसरीनं विचारलं, "मेली ती विकतची का फुकटातली?" कुणाला हसू आलं, कुणाला राग.

तिसरीचं बोलणं मात्र बिनचूक होतं. पेटीतून बाहेर आल्यावर फुकटातलं पिल्लू कोणतं हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून वरची चार वेगळी धरायचीच नाहीत. एकशे चार आली, सात मेली, सत्त्याण्णव राहिली, ती सगळी गटाची. पण काकूंचंही खरं होतं, असं आमचं मत आहे. सहा रात्रींचं जागरण ही मजुरी आहे. शेतात रात्रीचं पाणी द्यायला गडी लावला तर त्याला पैसे देतो, मग बाईनं घरात रात्र जागली तर ती फुकट कशी? त्यांची मजुरी फुकटातल्या पिल्लांवर ढकलायची नव्हती, ती पेटी मागवायच्या आधीच ठरवायची होती. त्या गटानं पुढच्या वेळी ठराव लिहिला. पिल्लं तीन आठवडे एकाच घरी राहतील, सांभाळणारीला ठरलेली रक्कम मिळेल, वाटप एकविसाव्या दिवशी जिवंत पिल्लांचं होईल, न भागली जाणारी उरतील ती विकून पैसे गटाच्या खात्यात. काकूंनी पुन्हा पडवी दिली.

तुमच्या गटानं अजून असा ठराव केला नसेल तर पुढच्या बैठकीत चार ओळी लिहून सह्या घ्या. एका ओळीत मजुरी, एका ओळीत वाटपाचा दिवस, एका ओळीत उरलेल्यांचं काय, आणि चौथी ओळ मरतुक सगळ्यांची म्हणून.

सरकारी योजनेत काय आहे हेही पुष्कळ जणी विचारतात. पशुसंवर्धन विभागाच्या तलंगांच्या गटात २५ तलंगा आणि ३ नर असतात, निम्मं अनुदान. तिथले तीन कोंबडे पाहून काही बायका म्हणतात, हे वर दिलेत, एक कापू या. ते वर दिलेले नाहीत. आठ-दहा माद्यांमागे एक नर असला तरच अंडी उबवायला चालतात, म्हणून ते मोजून दिलेले आहेत. नुसती खायची अंडी विकायची असतील तर नराची गरज नाही, कोंबडी नराशिवायही अंडी देते. पण घरची पिल्लं काढायची असतील तर तिन्ही राखा.

शेळीच्या बाजारात हाच खेळ वेगळ्या बोलीत चालतो. गाभण उस्मानाबादी शेळी दाखवून विकणारा म्हणतो, "पोटातली दोन तुम्हाला फुकट." उस्मानाबादी जुळी देते हे खरं, पण पोटातल्या दोघांचा पैसा त्यानं शेळीच्या भावात आधीच धरलेला असतो. भाव करताना आपण ते बोलून दाखवावं. शेळी पाच महिन्यांनी विते. किती महिन्यांची गाभण आहे, असं नुसतं विचारू नका, कास आणि पोट बघणारी जाणती बाई सोबत न्या. शेवटच्या महिन्यातली शेळी टेम्पोत उभी करून लांबून आणली तर ती गाभडण्याची भीती असते, मग पोटातलंही जातं आणि शेळीही खंगते.

लेकुरवाळी शेळी घेताना करडू वर म्हणून देतात. ते तिचंच आहे का, ते पाहा. दुधाळ शेळी दिसावी म्हणून दुसरीचं करडू शेजारी बांधायची लबाडी बाजारात चालते. शेळी आपलं करडू वासावरून ओळखते आणि परक्याला लाथाडते. तेव्हा पैसे देण्याआधी करडू थोडा वेळ बाजूला धरायला सांगा, भूक लागू द्या, मग शेळीचं डोकं न धरता त्याला मोकळं सोडा. तिनं हुंगून उभं राहून पाजलं तर सौदा पुढं न्या. विकणाऱ्यानं शिंगं धरून ठेवली तर पुढच्या दावणीकडे चला.